सार्वजनिक आरोग्य : पदवी आहे, पद कोठे आहे?

खानदेशात चाळिशी ओलांडलेला असा मनुष्य विरळाच, की ज्याला १९९४ सालचा सप्टेंबर महिना आठवत नाही. सुरतेत प्लेगचा उद्भव झाल्याची वार्ता पसरली आणि लाखो माणसे मिळेल त्या वाहनाने शहर सोडून निघाली. सुरतेच्या यंत्रमागांवर राबणाऱ्यांत खानदेशी माणसांचा भरणा मोठा. साहजिकच तापी खोऱ्याच्या लोहमार्गावरील नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या स्थानकांवर माणसांचे लोंढे उतरू लागले. प्रस्तुत लेखक तेव्हा शाळकरी विद्यार्थी होता. अमळनेरला उतरून एस.टी.ने भडगावला पोचलेल्या आमच्या एका आप्तांना घरात घ्यावे की ओसरीवरच थांबवावे, याचा खल वडीलधाऱ्यांनी हलक्या आवाजात केलेला स्मरतो. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे, औषधांच्या दुकानांतून नाहीशी झालेली टेट्रासायक्लिनची पाकिटे आणि कोणाला काय विचारावे हे ठाऊक नसलेले गाव, हे चित्र अद्याप मनातून पुसले गेलेले नाही.

गावात तेव्हा डॉक्टर नव्हते असे नाही. उणीव होती ती वेगळ्याच माणसाची. बाहेरून आलेल्यांची नोंद कोणी करावयाची, त्यांच्या घरी किती दिवस जाऊन चौकशी करावयाची, औषध कोणाला द्यावयाचे आणि कोणाला त्याची मुळीच आवश्यकता नाही, अफवेला उत्तर कोणत्या शब्दांत द्यावयाचे, हे जाणणारा कोणी जवळपास नव्हता. त्या साथीत मृतांची संख्या शंभरापर्यंतही पोचली नाही. परंतु भयाने देशाचा प्रवास, व्यापार आणि निर्यात यांची जी हानी केली, ती रोगाने केलेल्या हानीहून कितीतरी मोठी होती. पुढे १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत सुरतेचा कायापालट झाला, तो नव्या औषधाने नव्हे. कचरा रोज उचलला गेला, गटारे वाहती झाली, अधिकारी कार्यालयाबाहेर पडून रस्त्यावर दिसू लागले. सार्वजनिक आरोग्य म्हणतात ते यालाच.

रोग्याचा वैद्य आणि गावाचा वैद्य

डॉक्टर रोग्याला तपासतो. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक गावाला तपासतो. हा भेद आपल्याकडे अद्याप नीट रुजलेला नाही. नारूचे उदाहरण पाहावे. या रोगावर ना लस होती, ना खात्रीचे औषध. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पायऱ्यांच्या विहिरींतून त्याचा प्रसार होत असे. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. विहिरींच्या पायऱ्या बंद करणे, हातपंप बसविणे, पाणी गाळून पिण्यास शिकविणे आणि प्रत्येक रुग्णाचा माग काढणे, एवढ्या साध्या उपायांनी १९९६ मध्ये देशातील अखेरचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. आज वर्गातील मुलांना नारू म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. ज्यांच्या श्रमाने हे घडले त्यांची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत. यशाची खूणच नाहीशी होणे, हे या क्षेत्राचे दुर्दैव आहे.

आजचे प्रश्नही याच जातीचे आहेत. उन्हाळ्यात गिरणेच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेल्या गावांत नळाला पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येते. लोक ते पिंपांत, टाक्यांत साठवितात, आणि त्याच पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो. सातपुड्यातील आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये शेतकरी आणि मजूर दगावले. कपाशी आपल्याकडेही आहे आणि फवारणीचे पंपही आहेत. २०२० च्या उन्हाळ्यात कोरोनाने होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणामुळे जळगाव जिल्हा राज्यभर चर्चेचा विषय झाला होता. यांपैकी एकाही प्रश्नाचे संपूर्ण उत्तर दवाखान्याच्या चार भिंतींत सापडणारे नाही.

शिक्षणाच्या वाटा

या विषयाचे शिक्षण आपल्या देशात नवे नाही. कलकत्त्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्था १९३२ मध्ये स्थापन झाली. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा बोलाविण्यात आलेल्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून परळची हाफकिन संस्था उभी राहिली. तथापि डॉक्टर नसलेल्या पदवीधराला या क्षेत्राची दारे उघडली ती गेल्या पाव शतकात. ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’ ही पदवी देशात प्रथम १९९७ मध्ये त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने सुरू केली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्र तसेच आरोग्याचे धोरण व अर्थकारण या शाखांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. देवनारच्याच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत लोकसंख्याशास्त्र आणि जैवसांख्यिकी शिकविली जाते. १९९२-९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा ही संस्था वाहते.

या अभ्यासक्रमांपैकी अनेकांना कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो, ही गोष्ट भडगाव, पाचोरा, पारोळा येथील किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? बारावीत नीटच्या परीक्षेत अपेक्षित गुण मिळाले नाहीत की आरोग्याचा रस्ता कायमचा बंद झाला, अशी आपल्या पालकांची ठाम समजूत आहे. मग पोलीस भरतीचे मैदान किंवा स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, या दोहोंपलीकडे तिसरे काही दिसत नाही.

यामागे आणखी एक कारण आहे. या क्षेत्रातील परिषदा आणि मेळावे भरतात ते मोठ्या शहरांत, आणि चालतात ते इंग्रजीत. भारतीय सार्वजनिक आरोग्य संघ १९५६ पासून कार्यरत आहे, प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या प्राध्यापकांची संघटना १९७४ पासून. त्यांच्या वार्षिक अधिवेशनांत विद्यार्थ्यांना निबंध वाचता येतात, जाणत्यांची ओळख होते आणि त्या ओळखीतूनच पुढे पहिली नोकरी मिळते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेली ‘निर्माण’ शिबिरे मराठी तरुणांसाठी आहेत, हा मोठाच दिलासा. परंतु तालुक्याच्या महाविद्यालयातील सूचना फलकावर यांपैकी एकाचेही पत्रक क्वचितच लागते. बाजारातील माहितीची विषमता हा विषय आम्ही वर्गात शिकवितो. तिचे उदाहरण आमच्याच फलकावर टांगलेले असते.

मागणी का नाही?

येथे एका विद्यार्थिनीची हकिगत सांगणे उचित होईल. आमच्याकडून अर्थशास्त्राची पदवी घेतलेली, कापूस पिकविणाऱ्या कुटुंबातील ही मुलगी. तिने मोठ्या जिद्दीने सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी मिळविली. एका शासकीय कार्यक्रमात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ती रुजू झाली, नंतर दुसऱ्या जिल्ह्यात तशाच कंत्राटावर गेली. क्षयरोग्यांच्या नोंदींतील चुका शोधून औषध अर्धवट सोडलेल्या रुग्णांपर्यंत पोचणे हे तिचे काम, आणि ती ते मनापासून करीत असे. पुढे त्या कामासाठी निधी आला नाही आणि कंत्राट वाढले नाही. आज ती अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. “सर, मी शिकले ते चुकलं का?” असे तिने विचारले तेव्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकाजवळ झटकन देण्याजोगे उत्तर नव्हते. तिच्या वडिलांचा प्रश्न अधिकच सरळ होता : “डॉक्टर नाही, नर्स नाही, मग ही आहे तरी कोण?”

या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्रातच आहे. आजारी मनुष्य बरे होण्यासाठी घरदार गहाण टाकून पैसे मोजतो. न झालेल्या आजारासाठी कोणीही पैसे मोजत नाही. एकाने डबके बुजविले तर लाभ साऱ्या आळीला होतो, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याने ते बुजवावे याची वाट पाहतो. पिगू यांनी शतकापूर्वी मांडलेला बाह्य परिणामांचा सिद्धांत हेच सांगतो. तात्पर्य, उपचार करणाऱ्याची मागणी बाजार निर्माण करतो. रोग टाळणाऱ्याची मागणी बाजार कधीच निर्माण करणार नाही. ती शासनानेच निर्माण करावयाची असते. आपल्याकडे पदव्यांचा पुरवठा झाला, विद्यापीठांनी शुल्कही घेतले. परंतु पदांची मागणी ज्याने निर्माण करावयाची, तो मात्र मागेच राहिला.

हे शासनाला ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. १९४६ मध्ये भोर समितीने प्रतिबंध आणि उपचार यांची सांगड घालणाऱ्या ‘सामाजिक वैद्या’ची कल्पना मांडली होती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग असावा असे म्हटले, आणि आरोग्यावरील शासकीय खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, महामारी ऐन भरात असताना, तो होता १.८४ टक्के. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली. २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांच्या तुलनेत ही सुधारणा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण शंभरातील चाळीस रुपये अजूनही रोग्याच्याच कनवटीचे आहेत. २०२२ मध्ये केंद्राने संवर्गाविषयी मार्गदर्शक आराखडाही राज्यांकडे धाडला. तमिळनाडूने मद्रास प्रांताच्या १९३९ च्या कायद्यापासून सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय आणि स्वतंत्र सेवा टिकवून ठेवली आहे. महाराष्ट्रात खात्याचे नावच ‘सार्वजनिक आरोग्य विभाग’ असे आहे. उणीव आहे ती त्या नावाला साजेशा सेवेची.

कंत्राटाचे जिणे

२००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानाने या क्षेत्रात हजारो माणसे आणली, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, साथरोगतज्ज्ञ, माहिती व्यवस्थापक ही पदे त्यातून आणि रोग सर्वेक्षणाच्या कार्यक्रमातून निर्माण झाली. परंतु त्यांतील बहुतेक कंत्राटी राहिली. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये महाराष्ट्रातील या कर्मचाऱ्यांना सेवेत कायम होण्यासाठी संप करावा लागला. ज्याच्या स्वतःच्या नोकरीचे पुढील वर्ष निश्चित नाही, त्याने गावाच्या पुढील दहा वर्षांचा विचार करावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. शिवाय कंत्राट संपले की त्या मनुष्याबरोबर गावाविषयीचे त्याचे ज्ञानही निघून जाते. हिशेबाच्या वहीत ही हानी दिसत नाही, पण ती होतेच.

यावर ‘राज्याच्या तिजोरीवर आधीच वेतनाचा भार आहे’ असे उत्तर दिले जाईल. आक्षेप गैरलागू नाही. परंतु प्रत्येक गावाला एक पदवीधर द्यावा अशी मागणी येथे नाही. तालुक्याला एक साथरोगतज्ज्ञ आणि एक आरोग्य व्यवस्थापक, एवढी नियमित पदे निर्माण करावयाची म्हटली तरी राज्याच्या साडेतीनशेहून अधिक तालुक्यांसाठी ती सातशेच्या घरात जातात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान सुचविले, आणि तालुका पातळीवरील सार्वजनिक आरोग्य केंद्रे हा त्यातील एक भाग होता. इमारती आणि यंत्रे यांसाठी पैसा मिळू शकतो, तर त्या चालविणाऱ्या माणसांसाठी तो मिळू नये, हे तर्काला धरून नाही.

आपल्या हातात काय आहे?

शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. बहिणाबाईंचे नाव धारण करणारे विद्यापीठ आपल्या जिल्ह्यात आहे. या चौघांनी मिळून वर्षातून एकदा खानदेशाचा सार्वजनिक आरोग्य मेळावा भरवावा. ७ एप्रिलचा जागतिक आरोग्य दिन परीक्षांच्या हंगामात येतो, म्हणून तो जानेवारीत व्हावा. तेथे मुंबई-पुण्याच्या संस्थांनी अभ्यासक्रमांची माहिती द्यावी, स्वयंसेवी संस्था व जिल्हा परिषदांनी रिक्त जागा मांडाव्यात, आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाच्या पाण्याचे, डासांचे, कुपोषणाचे छोटे अभ्यास मराठीतून वाचावेत. त्यास फार मोठा खर्च येणार नाही.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. या पदवीला निश्चित नोकरीची हमी नाही, हे जाणूनच या वाटेने यावे. शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठे काम करतात, ते विचारावे. संख्याशास्त्र मन लावून शिकावे. ज्याला आकडा वाचता येतो त्याला या क्षेत्रात काम मिळण्याची शक्यता अधिक. आणि अहिराणी, भिलोरी, पावरी यांपैकी एखादी बोली येत असेल तर तिला कमीपणाचे मानू नये. शहरातील उमेदवाराजवळ नसलेली ती तुमची खरी पात्रता आहे.

त्या विद्यार्थिनीला अखेर मी एवढेच सांगितले, की तू शिकलीस ते चुकले नाही; तुझी गरज आहे हे ओळखण्यात आम्ही चुकलो. पुढची साथ केव्हा आणि कोणत्या गाडीने येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा ओसरीवर ताटकळणाऱ्या पाहुण्याला आत घ्यावयाचे की नाही, हे घाबरलेल्या वडीलधाऱ्यांना ठरवावे लागू नये. ते शांतपणे सांगणारा एक जाणता मनुष्य तालुक्यात असावा, आणि त्याची नोकरी अकरा महिन्यांची नसावी.