उरलेली गाठ

नाकाच्या मागे, मेंदूच्या देठाला (ब्रेनस्टेमला) टेकून असलेल्या क्लायव्हस या हाडात कॉर्डोमाची गाठ होते. गर्भावस्थेत पाठीचा कणा आखून देणाऱ्या नोटोकॉर्डचे जे कण शरीरात मागे राहतात, त्यांतून ती उपजते. वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होणारी ही गाठ सावकाश वाढते. पुष्कळदा एकाची दोन दिसू लागल्यावरच शंका येते.

शस्त्रक्रिया बहुधा नाकावाटे, दुर्बिणीने होते. जेलीसारखी गाठ खरवडून, शोषून काढतात. पण कॅरोटिड रोहिणीला किंवा ब्रेनस्टेमला चिकटलेला थर सर्जनला जाणूनबुजून सोडावा लागतो. पुढे वाढतो तोच. दुसऱ्यांदा आत शिरताना जुने व्रण आड येतात आणि मेंदूभोवतालचे पाणी नाकातून गळण्याची भीती वाढते. नेहमीच्या केमोथेरपीला कॉर्डोमा फारशी दाद देत नाही.

म्हणून उरलेल्या गाठीची मदार किरणांवर. तिला आवरायला 70 ग्रे किंवा अधिक मात्रा लागते. ब्रेनस्टेमला सोसते 54 ग्रेच्या आसपास. मधले अंतर काही मिलिमीटर. प्रोटॉन ठरल्या खोलीवर बहुतेक ऊर्जा टाकून थांबतो, म्हणून इथे त्याला मान. खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक संकुलात 2023 पासून ही सोय आहे. रुग्ण डोंबिवलीचा असेल, तर त्याने ठाण्याला उतरून पनवेल लोकल धरायची. रोज 2 ग्रे, आठवड्याला पाच दिवस. 70 ग्रेसाठी 35 दिवस, म्हणजे जाऊन-येऊन 70 प्रवास.

रुग्ण या किरणोपचाराला ‘शेक’ म्हणतात, पण त्यात ऊब नसते. ऊब लागते ती एकदाच, मास्क बनवताना. जाळीदार प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ताणतात, कपाळ-नाक-हनुवटीवर बोटांनी बसवतात. काही मिनिटांत ते गार होऊन कडक होते. मग रोज तोच साचा टेबलाला अडकवायचा, आत तोच चेहरा, तसूभरही न हलता.

किरणांनंतरही गाठ परतली तर हिशेब अवघड होतो. ब्रेनस्टेमच्या 54 ग्रेमधला मोठा वाटा आधीच खर्ची पडलेला असतो. तुकडा लहान असेल तर गामा नाइफचे नेमके किरण, जागा असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया. काहींना इमॅटिनिबसारख्या गोळ्या, त्याही गाठ थोपवण्यापुरत्या. किरणांनी पिट्यूटरी ग्रंथी मंदावू शकते, ऐकू कमी येऊ शकते. म्हणून हार्मोन आणि कान तपासत राहावे लागते. एमआरआय तर वर्षानुवर्षे चालूच. त्या अहवालात ‘बदल नाही’ असे आले की उपचार लागू पडला.