भंगारातून वाचलेले ‘लोहनगर’

जर्मनीच्या सॅक्सनी-अनहाल्ट राज्यात, बर्लिनच्या नैर्ऋत्येस सुमारे १०० किलोमीटर अंतरावर ग्रेफेनहाइनिखेन हे छोटे शहर आहे. त्याच्या जवळच एका तलावात शिरलेल्या भूभागावर पाच अवाढव्य यंत्रे उभी आहेत. त्यांचे एकत्रित वजन सुमारे ७ हजार टन भरते. एकेकाळी ही यंत्रे कोळशाच्या खाणीत राबत होती. आज ती ‘फेरोपोलिस’ म्हणजेच ‘लोहनगर’ या खुल्या संग्रहालयाची रहिवासी आहेत.

आज जेथे तलाव आहे, तेथे पूर्वी गोल्पा-नॉर्ड ही लिग्नाइटची, म्हणजेच तपकिरी कोळशाची खुली खाण होती. लिग्नाइटमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. त्यामुळे तो दूर वाहून नेणे परवडत नाही आणि वीज केंद्र खाणीच्या शेजारीच उभारावे लागते. येथे ते काम जवळच्या चोर्नेवित्स येथील केंद्राने केले. १९१५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातून बर्लिनलाही वीज जात असे.

खुल्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्याआधी वरचा मातीचा जाड थर दूर करावा लागतो. या पाच यंत्रांचे अस्तित्व त्यासाठीच होते. १९८४ मध्ये बांधलेल्या ‘बिग व्हील’च्या टोकाला बादल्या जोडलेले प्रचंड चक्र आहे. तमिळनाडूतील नेवेली येथील लिग्नाइट खाणीतही याच पद्धतीची यंत्रे वापरली जातात. ‘मॅड मॅक्स’ चक्राऐवजी बादल्यांच्या साखळीने माती खरवडत असे. १२५ मीटर लांबीचे ‘जेमिनी’ माती खोदत नसे; खोदलेली माती खाणीच्या रिकाम्या भागात पसरवणे हे त्याचे काम होते. ‘मेडुसा’ १९५९ चे, तर ‘मॉस्किटो’ सर्वांत जुने, १९४१ चे. ७९२ टनांच्या यंत्राला डासाचे नाव देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल.

१९९० मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले आणि पूर्व जर्मनीतील लिग्नाइट उद्योग कोसळला. १९९१ मध्ये ही खाण बंद पडली, पाठोपाठ वीज केंद्रही थंडावले. या पट्ट्यात हजारो कामगारांचा रोजगार गेला. यंत्रे कापून भंगारात काढणे हाच तेव्हाचा रिवाज होता. मात्र शेजारच्या डेसाऊ शहरातील बाउहाउस संस्थेत वेगळा विचार पुढे आला. जमीन पोखरणारी ही यंत्रे नाहीशी केली, तर येथील माणसांनी कित्येक पिढ्या काय केले याची खूणच पुसली जाईल, असा तो विचार होता. १९९५ मध्ये फेरोपोलिसची स्थापना झाली. हॅनोव्हर येथे भरलेल्या ‘एक्स्पो २०००’ या जागतिक प्रदर्शनाशीही हा प्रकल्प जोडण्यात आला.

पाचही यंत्रे एका रंगमंचाभोवती मांडलेली असून, येथील प्रेक्षागारात २५ हजार श्रोते मावतात. खाणीच्या जुन्या विद्युत केंद्राच्या इमारतीत संग्रहालय आहे आणि ‘जेमिनी’वर पर्यटकांना चढता येते. उघड्यावर उभ्या असलेल्या पोलादाला गंज लागतोच, तेव्हा देखभालीचा खर्च कधी संपत नाही. उत्पन्नाचा मोठा आधार संगीत महोत्सवांचा. त्यामुळे १९९९ पासून येथे भरणारा ‘मेल्ट’ हा नावाजलेला महोत्सव २०२४ नंतर बंद झाला, ही बाब या संग्रहालयासाठी किरकोळ नव्हती.

खाणीच्या खड्ड्यात २००० पासून मुल्डे नदीचे पाणी सोडण्यात आले आणि हळूहळू तलाव तयार झाला. त्याला ग्रेमिन तलाव म्हणतात. ग्रेमिन हे येथील एका गावाचे नाव. कोळशासाठी १९८० च्या दशकात ते गाव उठवण्यात आले. तेथील घरे, रस्ते आणि शेते राहिली नाहीत. ती जागा खोदणाऱ्या खाणीची यंत्रे मात्र काठावर उभी आहेत.