पक्ष्यांच्या शिकारीसाठी पिल्लू निवडताना

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये सकाळी फिरायला निघणारे लॅब्रडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि कॉकर स्पॅनियल हे तिघेही मुळात पक्ष्यांच्या शिकारीसाठी घडवलेले कुत्रे. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार तितर-लाव्यांची शिकार हाही गुन्हा आहे, त्यामुळे या कुत्र्यांचं मूळ काम आपल्या नजरेस पडत नाही. अमेरिकेत मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येइतकेच पक्षी टिपण्याची रीत आजही सुरू आहे. तिच्यासाठी पिल्लू घेणारे अनेकजण ऐकीव गोष्टींवर विसंबतात आणि त्याची किंमत पुढची दहा-बारा वर्षं माणूस आणि कुत्रा दोघेही मोजतात.

गैरसमज : नावाजलेली जात घेतली की काम झालं.

आधी पक्षी आणि जमीन ठरवा, मग जात. पॉइंटर आणि सेटर वाऱ्यावरून गंध घेतात आणि लपलेल्या पक्ष्यासमोर जागीच थिजतात. पक्षी उठवायचं काम शिकाऱ्याचं. स्पॅनियल बंदुकीच्या टप्प्यात राहून झुडपं धुंडाळतो आणि पक्षी स्वतः उठवतो. रिट्रीव्हरचं खरं काम गोळी सुटल्यानंतरचं, पडलेला पक्षी शोधून अलगद तोंडात धरून आणण्याचं.

जॉर्जिया आणि टेक्सासच्या मोकळ्या रानात लाव्यांच्या थव्यांमागे जाणारा पॉइंटर शेकडो मीटर पुढे धावतो, आणि जॉर्जियातल्या जुन्या इस्टेटींवर शिकारी आजही घोड्यावरून त्याच्या मागे जातात. तोच कुत्रा मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या दाट झाडीत ग्राउज या रानपक्ष्याच्या मागे सोडला, तर दोन मिनिटांत दिसेनासा होईल. तिथे मालकाच्या आसपास राहणारा ब्रिटनी किंवा सेटर हवा. साउथ डकोटातला फिझंट उडण्याऐवजी गवतातून पळत सुटतो, म्हणून त्याच्या मागे स्प्रिंगर स्पॅनियल किंवा लॅब्रडॉर उपयोगी पडतो. नेव्हाडाच्या कोरड्या, खडकाळ डोंगरांत तर चक्क आपला चकोर आहे, भारतीय उपखंडातून नेऊन सोडलेला. शिकारी धापा टाकत चढण चढून येईपर्यंत त्याला जागीच रोखून धरणारा, कणखर पंजांचा कुत्राच तिथे टिकतो. आणि गोठत्या पाण्यातल्या बदकांसाठी चेसापीक बे रिट्रीव्हरसारखी दुपदरी, तेलकट केसांची कातडी लागते. आखूड, पातळ केसांच्या पॉइंटरला त्या पाण्यात उतरवणं ही क्रूरता आहे.

गैरसमज : एकच कुत्रा सगळं सारखंच उत्तम करतो.

जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, वायरहेअर्ड पॉइंटर, हंगेरीचा व्हिज्ला हे खरोखर बहुगुणी आहेत. शोधणं, थिजणं, माग काढणं, पाण्यातून आणणं, सगळं त्यांना जमतं. अशा कुत्र्यांच्या चाचण्या घेणारी नावडा ही संस्था उत्तर अमेरिकेत 1969 पासून काम करते आहे. वर्षभरात थोडी झाडी, थोडं पाणी असं फिरणाऱ्याला असा कुत्रा योग्य. पण सारा हंगाम बदकांच्या दलदलीत काढणाऱ्याने रिट्रीव्हरच घ्यावा.

गैरसमज : सगळ्यांत आधी धावत येणारं पिल्लू सगळ्यांत चांगलं.

या समजुतीने सर्वाधिक फसवणूक होते. पिल्लाला उताणं धरून, चुटक्या वाजवून त्याचं भविष्य सांगणारे पुष्कळ आहेत. स्वीडनमध्ये जर्मन शेफर्डच्या सहाशेहून अधिक पिल्लांची आठव्या आठवड्यात चाचणी घेतली गेली आणि मोठेपणी त्यांचं काम पुन्हा तपासलं गेलं. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पिल्लूपणीच्या चाचणीवरून मोठेपणीची कामाची लायकी सांगता येत नाही, असं दिसलं. शिकारीची जात वेगळी असली तरी सावध व्हायला एवढं पुरेसं आहे. त्या क्षणी एखादं पिल्लू नुकतंच झोपेतून उठलेलं असतं, एखाद्याचं पोट भरलेलं असतं. दोरीला बांधलेल्या पंखासमोर पिल्लू थिजलं म्हणजे नाक तल्लख, हेही खरं नाही. तिथे ते डोळ्यांनी खेळतं.

त्यापेक्षा आई-बाप पाहावेत. दोघांना रानात काम करताना पाहा: किती लांब जातात, हाकेला वळतात का, दिवस मावळताना अंगात किती दम उरतो. त्याच जोडीचं आधीचं वेत असेल, तर त्या भावंडांची चौकशी करा. सोळा महिन्यांपर्यंतच्या कुत्र्यांसाठी नावडाची नैसर्गिक क्षमतेची चाचणी असते. तिचे गुण पिल्लाच्या गोंडस चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

गैरसमज : कागदपत्रं आहेत म्हणजे शिकारीचं रक्त आहे.

नोंदणीच्या कागदावरून वंश कळतो, गुण कळत नाहीत. स्प्रिंगर, कॉकर, आयरिश सेटर, लॅब्रडॉर यांच्यात प्रदर्शनातल्या आणि रानातल्या वंशावळी गेली अनेक दशकं वेगळ्या पडल्या आहेत. याची दुसरी बाजू घरगुती मालकांनी लक्षात ठेवावी. दिवसभर धावण्यासाठी निपजलेला कुत्रा फ्लॅटमध्ये कोंडला, तर तो सोफा कुरतडेल, आणि दोष त्याचा नसेल. शिकारीही वर्षातले थोडेच दिवस रानात असतो. उरलेल्या दिवसांत घरी शांत बसणारा कुत्रा त्यालाही हवाच असतो.

गैरसमज : काळा लॅब्रडॉर शिकारीला, पिवळा घराला.

हे दोन्ही रंग एकाच वेतात जन्मतात. नाकाची ताकद रंगावर ठरत नाही. आरोग्याचं मात्र थोडं वेगळं आहे. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींच्या 2018च्या अभ्यासात चॉकलेटी लॅब्रडॉरचं मध्यक आयुष्य 10.7 वर्षं आढळलं, तर बाकीच्यांचं 12.1 वर्षं. रंगाच्या हौसेपायी मोजक्याच कुत्र्यांची पैदास वारंवार करण्याशी याचा संबंध असू शकतो. म्हणून रंगाऐवजी आई-बापाच्या खुब्याच्या सांध्यांचे दाखले विचारा. अमेरिकेत असे दाखले देणाऱ्या ओएफए या संस्थेचा कायमचा दाखला कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच मिळतो. लॅब्रडॉरमध्ये जोराच्या धावपळीनंतर कोसळण्याचा एक आनुवंशिक दोषही आढळतो, आणि त्याची जनुकीय तपासणी होऊ शकते.

गैरसमज : बंदुकीला भिणारा कुत्रा जन्मतःच भित्रा.

काही वंशांत भित्रेपणा असतो, पण ही भीती बहुतेक वेळा माणसानेच घातलेली असते. पहिलाच बार कानाशी झाला की कुत्रा कायमचा बिथरतो. पिल्लू पक्ष्यामागे रमलेलं असताना, दूरवरून, हलक्या आवाजाने सुरुवात करावी. पिल्लू विकत घेताना बार उडवून पाहणाऱ्याच्या दारातून सरळ परत फिरावं.

गैरसमज : जितकं लहान आणाल, तितकं माणसाळेल.

आई आणि भावंडांकडून पिल्लू चाव्याचा जोर आवरायला शिकतं. पक्षी न चुरगाळता आणणाऱ्या कुत्र्याला तर हे शिकावंच लागतं. भारतातही 2017च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. महिन्याभराचं पिल्लू हातात ठेवणाऱ्याला नकार द्या आणि आई-बाप दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून कधीही, कितीही स्वस्तात, पिल्लू घेऊ नका.