नावाचा पत्ता

लिनक्समध्ये फाइल वाचण्याचे काम ज्या फंक्शनकडे आहे, त्याला कर्नलवर काम करणारे ‘सिस_रीड’ म्हणतात. ते नेमके कुठे लिहिले आहे हे पाहायला कर्नलच्या कोट्यवधी ओळींच्या सोर्स कोडमध्ये त्या नावाचा शोध घेतला, तर घोषणा सापडते, इतर उल्लेख सापडतात. प्रत्यक्ष फंक्शन मात्र सापडत नाही. कारण तिथे ते नाव लिहिलेलेच नाही. ‘रीड_राइट.सी’ या फाइलमध्ये ‘सिसकॉल_डिफाइन३’ नावाचा मॅक्रो वापरला आहे आणि त्याच्या कंसातला पहिला शब्द आहे नुसता ‘रीड’. ‘सिस_’ हा भाग त्याला जोडला जातो तो कंपाइल करताना. तरीही जाणकार माणूस एडिटरमध्ये ‘सिस_रीड’वर कर्सर ठेवतो, कळ दाबतो आणि बरोबर त्या ओळीवर पोहोचतो.

या उडीला आज सगळे ‘गो टू डेफिनिशन’ म्हणतात. कोणी व्हीएस कोडमध्ये एफ१२ दाबतो, कोणी इंटेलिजमध्ये कंट्रोल-बी, कोणी ईमॅक्समध्ये मेटा-टिंब. कळ कोणतीही असो, प्रश्न एकच सोडवायचा असतो: इथे दिसणारे हे नाव आणि तिकडे कुठेतरी व्याख्या केलेले ते नाव एकच आहे, हे यंत्राने ठरवायचे कसे?

पहिले टिकाऊ उत्तर बर्कलीच्या विद्यापीठात मिळाले. बिल जॉय यांनी तिथे ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला होता. केन अर्नोल्ड यांनी ‘सीटॅग्ज’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि १९७९ अखेरच्या ३बीएसडी युनिक्समध्ये तो आला. सीटॅग्ज सगळ्या फाइली चाळतो आणि ‘टॅग्ज’ नावाची एक साधी मजकुराची फाइल तयार करतो. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: नाव, फाइलचे नाव आणि त्या फाइलमध्ये जागा कशी गाठायची याची सूचना. नावे वर्णानुक्रमे लावलेली असतात, म्हणून एडिटरला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसावे लागत नाही. मधोमध उघडायचे, नाव पुढे आहे की मागे ते पाहायचे, उरलेला अर्धा भाग पुन्हा अर्धा करायचा. दहा लाख नावे असली तरी वीसेक पावलांत काम होते.

यातली तिसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. जागा सांगायला ओळीचा क्रमांक देणे सर्वांत सोपे होते. पण कोड रोज बदलतो. वर दोन ओळी घातल्या की खालचे सगळे क्रमांक चुकतात आणि सकाळी केलेली यादी दुपारी निकामी होते. म्हणून फंक्शनची जागा सांगायला क्रमांकाऐवजी त्या ओळीचा मजकूरच शोधसूत्र म्हणून ठेवला गेला. ओळ वर-खाली सरकली तरी मजकूर तोच, त्यामुळे उडी चुकत नाही. पत्ता लिहिताना घरक्रमांकाऐवजी दारावरची पाटी सांगावी, तसे हे झाले. इतक्या साध्या निर्णयामुळे ही रचना जवळजवळ अर्धे शतक वापरात राहिली. पुढे डॅरेन हिबर्ट यांच्या ‘एग्झुबरंट सीटॅग्ज’ने तिला कितीतरी भाषा शिकवल्या आणि ते काम थंडावल्यावर ‘युनिव्हर्सल सीटॅग्ज’ने ती पुढे चालवली.

आता ‘सिस_रीड’चे कोडे उलगडते. कर्नलसोबतच ‘टॅग्ज.एसएच’ नावाची एक स्क्रिप्ट येते. तिच्यात सीटॅग्जला सांगून ठेवले आहे की ‘सिसकॉल_डिफाइन’ आणि एक आकडा दिसला, की कंसातल्या पहिल्या शब्दाआधी ‘सिस_’ लावून ते नाव यादीत घाल. म्हणजे त्या उडीमागे यंत्राची समज नाही. कर्नलच्या लोकांनी आपल्या सवयी ओळखून लिहून ठेवलेला नियम आहे.

बेल लॅब्जमध्ये जो स्टेफन यांनी १९८०च्या दशकात केलेल्या ‘सीस्कोप’ने उलटा प्रश्नही घेतला: या फंक्शनला कोण कोण बोलावते? एप्रिल २०००मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला.

मजकुराच्या यादीची मर्यादा मात्र उघड आहे. एका प्रकल्पात ‘इनिट’ नावाची पन्नास फंक्शने असली, तर यादी पन्नासही पुढे ठेवते. यातले आपले कोणते, हे व्हेरिएबलचा प्रकार आणि कोणती फाइल कुठे आयात केली आहे हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणजे कंपायलरइतकीच समज हवी. ती प्रत्येक एडिटरमध्ये प्रत्येक भाषेसाठी वेगळी बांधायची, तर दहा एडिटर आणि वीस भाषांसाठी दोनशे जोडण्या होतात. जून २०१६मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ जाहीर केला. भाषेची समज एका स्वतंत्र सर्व्हरमध्ये राहते. एडिटर त्याला फाइल, ओळ आणि ओळीतले स्थान कळवतो आणि व्याख्येचे ठिकाण परत मिळवतो. दोनशेच्या जागी तीस कामे. छोट्या भाषांना आणि छोट्या एडिटरना यामुळे जो श्वास मिळाला, त्याचे श्रेय या प्रोटोकॉलला मोकळेपणाने द्यायला हवे.

पण ‘ओळीतले स्थान’ मोजायचे कसे? इथे आपली लिपी येते. ‘पुणे’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा. यूटीएफ-१६मध्ये त्याचे चार घटक, यूटीएफ-८मध्ये बारा बाइट. प्रोटोकॉलने मुळात यूटीएफ-१६ची मोजणी ठरवली. एखादा सर्व्हर बाइट मोजत बसला, तर ज्या ओळीत आधी मराठी मजकूर आहे तिथे कर्सर भलत्याच शब्दावर आहे असे त्याला वाटते आणि उडी फसते. इंग्रजी ओळीवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसतच नाही, कारण तिथे दोन्ही मोजण्या सारख्याच येतात.

याहून अवघड गाठ नावांची आहे. पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट दोन्हींत व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येते. आता ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन हलन्त करायचे, दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारे चिन्ह घालायचे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पायथन दुसऱ्या तऱ्हेला व्याकरणाची चूक म्हणून नाकारतो, हे बरेच म्हणायचे. जावास्क्रिप्ट दोन्ही स्वीकारते आणि दोन वेगळी नावे धरते. एकाने व्याख्या लिहिली, दुसऱ्याने आपल्या कीबोर्डवरून तेच नाव वापरले, की कळ दाबून काहीच होत नाही, आणि पडद्याकडे कितीही वेळ पाहिले तरी कारण दिसत नाही.

मुलांना मराठी नावे वापरून प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि मराठी कीबोर्ड बनवणाऱ्यांनी एवढे करावे: कोडमध्ये अर्धा र लिहिताना नेहमी ‘ऱ’ हेच अक्षर वापरावे आणि जॉइनर अजिबात येऊ देऊ नये.