शिकरण आणि विरुद्धाहार
अर्धापूरचा परिसर केळीचा. त्यामुळे नांदेड-लातूरकडे शिकरण-पोळीचा बेत नित्याचाच. मात्र चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २६व्या अध्यायात दुधाशी विरुद्ध फळांमध्ये मोच, म्हणजे केळे, गणले आहे. मग आयुष्यभर शिकरण खाऊनही धट्टाकट्टा राहिलेल्या शेतकऱ्याचे काय? त्याचे उत्तर त्याच अध्यायात आहे: सात्म्य, अल्प मात्रा, दीप्ताग्नी, तारुण्य, व्यायाम व बल असता विरुद्धही बाधत नाही. मंदाग्नीच्या, बैठे काम करणाऱ्या रुग्णास ही सवलत नाही. चिकित्सास्थानात कुष्ठाची कारणे विरोधी अन्नपानापासूनच सुरू होतात. म्हणून कंडू-पिडकांच्या रुग्णास आम्ही शिकरणीविषयी आवर्जून विचारतो. ‘फळच तर आहे’ असे समजून तो स्वतःहून सांगत नाही. जुनी सवय एकदम तोडू नये, पादांशक्रमाने सोडवावी.

औषधालयाच्या बंधूंस एक विनंती. शतावरी कल्प देताना ‘दुधातून घ्या’ एवढेच सांगितले, तर ग्राहक तो शिकरणीतही कालवतो. (चवीला उत्तम लागतो, हीच अडचण!) नुसत्या कोमट दुधातून घ्यावा, केळे अन्य वेळी खावे, असे पुडीवरच लिहून द्यावे.