कपाट : शोभा की सोय?

अनसिंगसारख्या गावातही आता नवे घर बांधताना भिंतभर वॉर्डरोबचा आग्रह धरला जातो आणि आईचे लोखंडी कपाट भंगारात निघते. वस्तुतः आधुनिक शैलीचा पाया झगमगाट नव्हे, तर उपयोगाला अनुरूप, नक्षीविरहित रचना हा होय. जर्मनीत १९१९ साली स्थापन झालेल्या बाउहाउस या कलाशाळेने हाच विचार रुजवला. मुंबईत गोदरेजने १९२३ पासून घडवलेली पोलादी कपाटेही याच कसोटीस उतरतात.

म्हणून सुताराला बोलावण्यापूर्वी आपण घरातील कपडे मोजावेत. हँगरवरील कपड्यांसाठी कप्प्याची खोली सुमारे २ फूट लागते. घडीच्या साड्यांना दीड फूट पुरते. जुने कपाट रंगवून त्याच भिंतीत सामावून घेतले, तर खर्च वाचतो आणि आईच्या किल्ल्यांचा जुडगाही जागेवर राहतो.