रेताब्लो
रेताब्लो : पेरू देशाच्या अँडीज पर्वतप्रदेशातील, विशेषतः आयाकूचो (जुने नाव वामांगा) परिसरातील, एक पारंपरिक लोककलाप्रकार. दोन झडपांची रंगीत लाकडी पेटी व तीत कप्प्याकप्प्यांतून मांडलेले चिमुकल्या मूर्तींचे देखावे, असे त्याचे स्थूल स्वरूप असते. ‘वेदीमागील फलक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून ही संज्ञा स्पॅनिशमध्ये रूढ झाली.

सोळाव्या शतकात स्पॅनिश विजेत्यांबरोबर आलेल्या धर्मोपदेशकांनी प्रवासात नेण्याजोग्या लहान वेदी पेरूत आणल्या. त्यांपासून पुढे ‘काहोन दे सान मार्कोस’ (संत मार्कची पेटी) हा स्थानिक प्रकार उदयास आला. तिच्या वरच्या कप्प्यात पशूंचे रक्षणकर्ते संत असत : गुरांचा मार्क, मेंढ्यांचा जॉन, शेळ्यांची ॲग्नेस, खेचरांचा अँथनी. खालच्या कप्प्यात जमीनदार, गुराखी व गुरे यांचे आणि गुरे चोरणाऱ्यास होणाऱ्या शिक्षेचे दृश्य असे. गुरांना खुणा करण्याच्या वार्षिक विधीत केचुआभाषक पशुपालक ही पेटी मांडीत. बाह्यतः ख्रिस्ती असलेल्या या पूजेत ‘वामानी’ या पर्वतदेवतांची आराधनाही मिसळलेली होती. खेचरांचे तांडे हाकणारे व्यापारी या पेट्या दूरच्या गावी पोहोचवीत.

मूर्तींसाठी उकडून कुस्करलेला बटाटा व जिप्समची भुकटी एकत्र मळून लगदा करतात. हाताने व बारीक काडीने त्याला आकार देऊन, वाळवून, नंतर रंगवितात. झडपांवर ठळक रंगांतील फुले चितारलेली असतात.

मोटाररस्ते झाल्यावर खेचरांचा व्यापार मंदावला आणि पेट्यांची मागणी घटली. १९४० च्या दशकात आलीसिया बुस्तामान्ते या चित्रकर्तीने आयाकूचोचे कारागीर होआकीन लोपेस आन्ताय (१८९७–१९८१) यांना नवे विषय सुचविले. ‘रेताब्लो’ हे नावही तेव्हापासून प्रचारात आले. कापणी, बाजार, मिरवणुका, टोप्यांची दुकाने असे लौकिक देखावे पेटीत आले व शहरी संग्राहक हा तिचा नवा ग्राहकवर्ग झाला. लोपेस आन्ताय यांना १९७५ चा पेरूचा राष्ट्रीय संस्कृती पुरस्कार मिळाला, तेव्हा अनेक चित्रकार-शिल्पकारांनी जाहीर विरोध केला. कारागिराची निर्मिती ललित कलेच्या बरोबरीची मानावी काय, हा त्या वादाचा गाभा होता. त्यामागे शहरी अभिजन व ग्रामीण मेस्तिसो-इंडियन समाज यांतील जुनी दरीही होती.

१९८० मध्ये ‘सेंदेरो लुमिनोसो’ या माओवादी संघटनेने आयाकूचोत सशस्त्र बंड सुरू केले. सत्य व समेट आयोगाच्या २००३ च्या अहवालानुसार या संघर्षात सु. ६९,००० लोक मृत वा बेपत्ता झाले. त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक आयाकूचोतील होते आणि बहुसंख्य बळींची मातृभाषा केचुआ वा अन्य देशी भाषा होती. नीकारियो व एदिल्बेर्तो हिमेनेस या बंधूंनी हत्या, छळ व स्थलांतर यांची दृश्ये रेताब्लोत साकारली. बंडखोर व सैन्य या दोहोंच्या अत्याचारांबद्दल उघड बोलणे जिवावर बेतण्यासारखे होते, त्या काळात संतांच्या या पेटीला साक्षीपत्राचे मोल आले. पशुधनाच्या रक्षणाची याचना करणारे हे पूजासाधन अशा रीतीने माणसांच्या स्मृतीचे जतन करू लागले. रेताब्लोनिर्मितीचे ज्ञान व तंत्र यांना पेरू शासनाने २०१९ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.